बुसानच्या टेकडीवरची बिअर

कोरियाहून परत आलो तेव्हा बेंगळुरूला के. आर. पुरमच्या आमच्या गल्लीत सगळ्यांनी मला एकच गोष्ट विचारली: तिथे खायला काय मिळतं? साप मिळतो का, बेडूक मिळतो का, अशी चौकशी शेजारच्या म्हाताऱ्यांनी फार हौसेने केली. बिअरबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. मी बिअरच्या कारखान्यात आहे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते उघड बोलायचं नसतं. माझी आईसुद्धा कोणी विचारलं तर "सोड्याच्या फॅक्टरीत असतो" म्हणून सांगते. तेव्हा जे कोणी विचारलं नाही तेच इथे लिहून टाकतो. प्रवास छान झाला, असं मात्र माझ्याकडून लिहून होणार नाही.

आमचा कारखाना होसूर रोडला, बोम्मसंद्र्यात. 'आमचा' ही नुसती बोलायची रीत; तो गोविंदअण्णांचा आहे. अण्णा माझे आत्तेभाऊ, वयाने बरेच मोठे. मी बी.एस्सी. होऊन रिकामा फिरत होतो तेव्हा त्यांनीच मला कारखान्यात घेतलं, बिअर शिजवायला शिकायला पाठवलं, आणि तेव्हापासून मी तिथे एकच बिअर शिजवत आलो आहे. स्ट्राँग. बाटलीवर वाघाचं चित्र आणि आत साखर, तांदळाची कणी आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरायला लावेल इतका अल्कोहोल. पिणारेही ती चवीसाठी पीत नाहीत. बाटली उघडली की पाण्याच्या ग्लासात उलटी धरायची, म्हणजे कंपनीने घातलेलं ग्लिसरीन खाली उतरतं, असा आमच्या गावात ठाम समज आहे. खाली उतरते ती बिअरच असते, पाण्याहून जड म्हणून. पण हे मी कोणाकोणाला समजावत बसणार? ब्रिगेड रोडवर तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकात, रोज उठून नवा पब उघडत होता, बाहेरगावची माणसं बेंगळुरूला पबचं गाव म्हणून नावाजत होती, आणि त्या सगळ्या पबांत मिळत होतं ते हेच.

मला आयुष्यात एकदा तरी मनासारखी बिअर करायची होती. नुसत्या बार्लीची, गाळून गाळून पाणी न केलेली, नाक ग्लासात घालून प्यावी अशी. अण्णांच्या मागे वर्षानुवर्षं लकडा लावला तेव्हा ते कसेबसे तयार झाले. कारखान्याच्या मागे एक शेड रिकामी होती. तिथे दोन लहान टाक्या बसवायच्या, बिअर मी करायची आणि पिंपांतून पबांना द्यायची, असं ठरलं. पण अण्णांनी अट घातली.

"पुस्तकं वाचून करतो म्हणशील तर बेडा, किट्टू," ते म्हणाले. अण्णांचं 'बेडा' म्हणजे कानडीतलं नको, आणि ते एकदा आलं की विषय संपतो. "ज्याने जन्मभर हेच केलंय असा एक माणूस आण. हिवाळाभर तो तुझ्याशेजारी उभा राहू दे. मग सरी." सरी म्हणजे ठीक.

टाक्या आम्ही कोरियातल्या बुसानच्या एका कंपनीकडून घेणार होतो. तिथूनच कळलं की त्यांच्या ओळखीचे एक सोंग नावाचे गृहस्थ आहेत, मोठ्या बिअर कंपनीत मुख्य ब्रूअर होते, आता निवृत्त होऊन टेकडीवरच्या घरी आपल्यापुरती बिअर करतात. तसं करायला तिथल्या कायद्याने नुकतीच परवानगी दिली होती. सोंगना सवड होती, आणि हिंदुस्थान बघायची इच्छाही होती. टाक्या बघायला या, त्यांनाही भेटा, असं कंपनीने कळवलं. अण्णा टाक्या बघायला निघाले. मी सोंगना आणायला निघालो.

बुसान

बुसानमध्ये डोंगर थेट समुद्रात उतरतात, आणि मध्ये उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत घरं, गोद्या, कारखाने आणि माणसं दाटीवाटीने बसलेली आहेत. कुठेही उभं राहिलं तरी एखादं जहाज दिसतंच. थंडी नुकती पडायला लागली होती. बेंगळुरूच्या हवेची बढाई मारणारे अण्णा पहिल्याच दिवशी कानटोपी घालून बसले.

टाक्यांच्या कंपनीने युन नावाच्या बाई आमच्यासोबत दिल्या होत्या. वय तिशीच्या आसपास, इंग्रजी स्वच्छ, चालणं इतकं भरभर की अण्णा दर कोपऱ्यावर "स्वल्प थांबायला सांग की तिला" म्हणत. त्यांनी आम्हाला त्यांच्या पद्धतीच्या हॉटेलात उतरवलं. खोलीत पलंग नाही. जमिनीवर गादी, आणि जमीन खालून तापवलेली. किती तापवलेली ते आम्ही जेवून परत आल्यावर कळलं. अण्णांनी घरून आणलेले बेसनाचे लाडू बॅगेच्या तळाशी होते. ते सगळे वितळून त्यांचा एकच लाडू झाला होता, आणि त्यात अण्णांचे पायमोजे होते. अण्णा लाडवांसाठी इतके हळहळले की मला हसू दाबणं कठीण गेलं.

जेवायला मात्र घरच्यासारखं वाटलं. वाट्या स्टीलच्या, पेले स्टीलचे, भाताचं भांडं झाकणाचं. जेवणाभोवती छोट्या छोट्या वाट्यांतून लोणची, पालेभाज्या, मुळा, मोड आलेली कडधान्यं मांडतात. आपल्या पानाची डावी बाजू जणू टेबलभर पसरलेली. त्यांची तिखटाची कोबी अण्णांनी तीनदा मागून घेतली. पाण्याचा पेला आला तेव्हा अण्णांनी तो सवयीने तोंडापासून वीतभर वर धरला, मान मागे टाकली आणि न थांबता सगळं पाणी सरळ घशात सोडलं. वाढणारी मुलगी बघतच राहिली. मग तिने आतल्या बाईला बोलावून आणलं आणि दोघींनी खुणेने पुन्हा करून दाखवायला सांगितलं. अण्णांनी दाखवलं. टाळ्या पडल्या. आमच्या घरात लहानपणी पहिली शिकवण हीच: भांड्याला ओठ लावायचा नाही, तुझ्यानंतर कोणीतरी त्यातून पिणार आहे. उष्ट्याला आम्ही घरी कानडीतून एंजलुच म्हणतो, इतका तो शब्द जिभेवर बसलाय. ज्याच्या शर्टावर थेंब सांडत नाही तो शहाणा, आणि या विद्येत अण्णांचा हात धरणारा आमच्या सगळ्या गोतात कोणी नाही.

संध्याकाळी युन बाई आम्हाला तिथल्या बिअरच्या दुकानात घेऊन गेल्या. त्याला ते हॉफ म्हणतात. रस्त्यारस्त्याला हॉफ, सगळीकडे मोठमोठे मग, सोबत सुकवून भाजलेला माकूळ आणि शेंगदाणे. ऑफिस सुटलेली माणसं टाय सैल करून, लाल चेहऱ्याने एकमेकांच्या पाठीवर थापा मारत बसलेली. बिअर मात्र फिकट, थंडगार आणि बिनवासाची. एवढं मोठं बंदर, इतकी पिणारी माणसं, आणि पिताहेत ते आमच्यासारखंच काहीतरी. मला उगाच बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

पिण्याच्या रीती मात्र बघण्यासारख्या होत्या. स्वतःचा ग्लास कोणी स्वतः भरत नाही. शेजाऱ्याने भरायचा, आणि तो भरत असताना आपण दोन्ही हातांनी धरायचा. आणि धाकट्याने मोठ्यासमोर पिताना तोंड बाजूला वळवायचं. हे ऐकून मी युन बाईंना म्हणालो, हे तर आमच्याच घरातलं झालं. इतकी वर्षं मी बिअरच्या कारखान्यात आहे, पण अण्णांच्या देखत ग्लास तोंडाला लावलेला नाही. लॅबमध्ये चव घ्यायची असली आणि अण्णा आले तर मी त्यांच्याकडे पाठ करतो. युन बाईंनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सोंग आजोबांना तुम्ही आवडाल."

जगालची

दुसरा दिवस शनिवार, अण्णांचा शाकाहाराचा. आणि नेमकं त्या दिवशी युन बाईंनी आम्हाला जगालचीला, म्हणजे तिथल्या मासळी बाजारात नेलं. बाजार सगळा बायकांचा. रबरी एप्रन, रबरी बूट, कुरळे केस, आणि आवाज असे की समुद्रही गप्प बसावा. टोपल्यांत जिवंत अष्टपाद, वळवळणाऱ्या वामा, ओट्यावर बोटाएवढ्या सुक्या मासळीचे ढीग. एका बाईने अण्णांचा हात धरला आणि त्यांच्या तळहातावर जिवंत कालव ठेवलं. अण्णा "राम राम राम" म्हणत मागे सरले ते थेट पाण्याच्या पिंपात बसले. बाजारभर हशा पिकला. मी बाकावर बसून निखाऱ्यावर भाजलेली वाम तिखट मसाल्यात खाल्ली. अण्णा ओल्या पँटने शेजारी बसून घरून आणलेली कोडुबळे, म्हणजे कानडी कडबोळी, चावत राहिले.

दुपारी टाक्या पाहिल्या. कामात खोट काढायला जागा नव्हती. अण्णांनी स्ट्राँगला लागतील अशा मोठ्या टाक्याही बघून घेतल्या, त्यांची मापं विचारली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "असू दे, सुम्ने विचारून ठेवलं." सुम्ने म्हणजे सहज, उगीचच. हा माणूस अजून कुंपणावर आहे, आणि सोंग नाही म्हणाले तर तो कुठल्या बाजूला उतरणार हे मला त्या क्षणी कळलं.

टेकडीवर

त्याच संध्याकाळी सोंगकडे गेलो. त्यांचं घर पुलापलीकडच्या एका बेटावर, टेकडीच्या अंगावर होतं. गाडी खाली सोडून पायऱ्या चढायच्या. वाटेत युन बाई माझ्या बरोबरीने चालत होत्या. अण्णा मागे धापा टाकत येत होते.

"आजोबा तोंडाने हो-नाही म्हणणार नाहीत," त्या म्हणाल्या. "यायचं ठरवलं असेल तर आपला ग्लास रिकामा करून तुमच्या हातात देतील आणि भरतील. आमच्यात याहून मोठं काही नाही. दिला म्हणजे आले समजा."

कसं प्यायचं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यात त्यांची काही चूक नाही. ग्लासातून कसं प्यायचं हे कोणी कोणाला सांगतं का?

सोंग सत्तरीच्या पुढचे, ठेंगणे, दाढी खरखरीत वाढलेली, हात मात्र मोठे आणि स्वच्छ. मागच्या पडवीत त्यांचा सगळा कारभार: एक लहान टाकी, दोन पातेली, रबराच्या नळ्या. एका खोलीच्या तापलेल्या जमिनीवर मोड आलेली बार्ली पसरून वाळत घातली होती. खोलीभर भाजलेल्या पिठाचा खरपूस वास भरलेला. मी चपला काढून आत गेलो, मूठभर दाणे उचलले, चावले आणि बाहेर यायचंच विसरलो. सोंग दारात उभे राहून हसत होते.

मग ओसरीवर बसून त्यांनी बिअर काढली. खाली बंदर, गोदीत दुरुस्तीला लागलेली जहाजं, ऊन उतरलेलं. बिअर गढूळ, तपकिरी, वर मऊ जाड फेस. नाक जवळ नेलं तर आधी भाजलेल्या पावाचा वास, त्यामागून संत्र्याच्या सालीचा, आणि तळाशी किंचित धूर. जिभेवर आली की आधी गोडसर, मग हळूहळू कडवट होत जाते, आणि तो कडवटपणा घोट संपल्यावरही टाळूला रेंगाळतो, म्हणून माणूस दुसरा घोट घेतो. मी अण्णांकडे पाठ करून प्यालो. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. जे मी वर्षानुवर्षं मनात शिजवत होतो ते कोणीतरी आधीच करून ठेवलं होतं, आणि करणारा समोर बसला होता.

बोलणं छान चाललं. त्यांनी आमच्याकडची बार्ली कशी, पाणी कसं, उन्हाळा किती असं सगळं विचारून घेतलं. मी अण्णांकडे पाठ का करतो तेही विचारलं, आणि उत्तर ऐकून युन बाईंना काहीतरी म्हणाले. "चांगल्या घरची माणसं आहेत, असं म्हणताहेत," त्यांनी सांगितलं.

आणि मग सोंगनी आपला ग्लास एका दमात रिकामा केला, झटकला, आणि दोन्ही हातांनी अण्णांपुढे धरला. अण्णा थोरले, म्हणून मान त्यांचा. अण्णांनी तो दोन्ही हातांनी घेतला. सोंगनी भरला.

पुढचं मी स्पष्ट बघितलं, आणि थांबवू शकलो नाही. मोठ्या भावाला परक्या घरात, परक्या माणसांसमोर टोकायचं कसं, हे आमच्या घरात कोणी शिकवलेलं नाही. अण्णांनी ग्लास वीतभर वर उचलला, मान मागे टाकली, आणि ती सगळी बिअर वरून सरळ घशात सोडली. फेसासकट. एक थेंब सांडला नाही. मग त्यांनी खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला, ग्लासाची कड चांगली फिरवून फिरवून पुसली, आणि आता वाहवा होणार अशा चेहऱ्याने तो सोंगना परत दिला.

टाळ्या वाजल्या नाहीत. युन बाई जमिनीकडे बघत होत्या. सोंगनी तो ग्लास घेतला आणि शेजारी ठेवला. क्षणभराने तोच पुन्हा उचलून भरला आणि माझ्यापुढे धरला. मी तोंड वळवून, काठाला ओठ लावून प्यालो, आणि रिकामा करून दोन्ही हातांनी परत दिला. त्यांनी मान हलवली. पण त्यानंतर ते फक्त जहाजांबद्दल बोलले, आणि थोड्या वेळाने उठून उभे राहिले. म्हणजे आम्हीही उठायचं.

खाली गाडीत बसल्यावर युन बाईंनी सांगितलं की आजोबा येणार नाहीत.

"का बरं?" अण्णा खरोखर चकित झाले. ओठ न लावता प्यालात आणि वर कड पुसलीत, तो त्यांना अपमान वाटला, असं मी त्यांना सांगितलं. ऐकून ते आधी हसले, मग त्यांना राग आला. "अरे, मी त्यांचा ग्लास एंजलु केला नाही! म्हाताऱ्याला धुवायचे श्रम नकोत म्हणून पुसूनसुद्धा दिला. आणि अपमान? तू मात्र घेतलास तोंड लावून. कोण कुठला तो, त्याचं एंजलु! आधी खोलीवर जाऊन चूळ भर."

मी चूळ भरली नाही. जेवलोही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी

अण्णांना पाठदुखीचं निमित्त होतं. ते तापलेल्या जमिनीवर पडून राहिले. मी युन बाईंच्या हातापाया पडून त्यांना पुन्हा टेकडीवर घेऊन गेलो. सोंग पडवीत टाकी घासत होते. आम्हाला बघून त्यांनी हात धुतले आणि ओसरीवर बसायला सांगितलं. बोलणं सगळं युन बाईंच्या मार्फत झालं, पण मला ते आता त्यांच्याच तोंडचं वाटतं.

"भावाने पाठवलं?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी आपणहून आलो. माझ्या भावाने तुमचा मानच राखला, हे सांगायला आलो. आमच्याकडे दुसऱ्याच्या भांड्याला ओठ लावला तर ते भांडं बाटतं. ते बाटू नये म्हणून वरून प्यायचं."

"मग काल तुम्ही बाटवलंत."

"हो."

"का?"

"वरून ओतली तर वास कळत नाही," मी म्हणालो. "तुमची बिअर मला अशी वाया घालवायची नव्हती."

सोंग मोठ्याने हसले. त्या क्षणी मला वाटलं, जमलं. युन बाईंचाही चेहरा मोकळा झाला. म्हाताऱ्याने बिअर आणायला अर्धवट उठून पुन्हा बसकण मारली आणि अगदी सहज विचारलं, "म्हणजे तुमच्या देशात कोणीच कोणाच्या भांड्याला ओठ लावत नाही? सगळ्यांना सारखाच नियम?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक शब्द. युन बाई माझ्याकडे बघत होत्या; त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट होतं की हो म्हण. पण समोरच्या माणसाने दोन दिवसांत माझ्यापासून काही लपवलं नव्हतं, आणि मला त्याच्याशेजारी हिवाळाभर उभं राहायचं होतं. बोम्मसंद्र्याला आल्यावर त्याने आपल्या डोळ्यांनी बघितलंच असतं.

"घरात ज्याचा त्याचा पेला असतो," मी म्हणालो. "आपल्या पेल्याला ओठ लावतात."

"आणि ज्यांचा घरात पेला नसतो?"

"आमच्याकडे भांडी घासायला बाई येते. तिचा पेला बाहेर नळाजवळ असतो. आई वरून कॉफी ओतते. कारखान्यात बाटल्या धुणाऱ्या बायकांचे पेलेही वेगळे, मागच्या खिडकीत."

युन बाईंनी हे भाषांतर करायला जरा वेळ घेतला. सोंगनी ऐकलं.

"मी कामाला लागलो तेव्हा कारखाना जपान्यांचा होता," ते म्हणाले. "आमचे पेले बाहेर एका फळीवर असत. हिवाळ्यात ओठाला चिकटायचे. सणाला साहेब येऊन आम्हाला दारू द्यायचे. वरून ओतायचे, पेल्याला बाटली लागू न देता. आम्ही विचारलं तर म्हणायचे, ही स्वच्छता आहे. माणसं वाईट नव्हती. चांगल्या घरची होती."

आमच्या नळाजवळचा पेला माझ्या डोळ्यांसमोर आला.

"तुमचा भाऊ वाईट नाही, हे मला कालच कळलं," ते म्हणाले. "तुम्हाला मी शिकवलं असतं. पण आता या वयात मला ती फळी पुन्हा बघायची नाही."

मग त्यांनी दोन ग्लास आणले. माझा भरला, दोन्ही हातांनी. मी त्यांचा भरायला बाटली घ्यायला गेलो तर त्यांनी ती हळूच बाजूला केली आणि आपला ग्लास आपल्याच हाताने भरला. आम्ही आपापला ग्लास संपवला. बिअर आदल्या दिवसाहून चांगली लागली, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

पायऱ्या उतरताना युन बाई एकच वाक्य बोलल्या, "तुम्ही हो म्हणायला हवं होतं." पुढे त्या नेहमीच्याच वेगाने चालत राहिल्या.

बोम्मसंद्रा

टाक्या आल्या. मोठ्या. अण्णांनी नारळ फोडला, टाक्यांना हळदकुंकू लावलं, लिंबं ठेवली आणि स्ट्राँगचं उत्पादन वाढलं. मागच्या शेडमध्ये आता रिकाम्या क्रेटांच्या थप्प्या आहेत. लग्नामुंजीत अण्णा कोरियाची गोष्ट रंगवून सांगतात: जमिनीने लाडू कसे वितळवले, मासळीवाल्या बाईने त्यांना पिंपात कसं बसवलं, कोरियन माणसं कशी तिरसट, आणि किट्टूने परक्या म्हाताऱ्याचं एंजलु कसं ढोसलं. सगळे हसतात. माझी बायकोसुद्धा हसते. मला ती गोष्ट ऐकताना दरवेळी तिथून उठून जावंसं वाटतं, आणि मी बसून राहतो.

आल्यानंतर एकदा मी मागच्या खिडकीतले बायकांचे पेले उचलले आणि कँटीनच्या फळीवर इतरांच्या पेल्यांत नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खिडकीत होते. बाटल्या धुणाऱ्या मुनियम्माला विचारलं तर ती घाबरली. "अय्यो, बेडा सार," म्हणाली. "उद्या एखादा पेला हरवला तर आमच्यावर येईल. आमचा आम्हाला बरा." मी पुन्हा तो उद्योग केला नाही.

परवा दुपारी अण्णा लॅबमध्ये आले. हातात स्ट्राँगची बाटली होती. कुठल्याशा पबवाल्याने नमुना म्हणून मागितली होती. ती टेबलावर ठेवून ते उगाच इकडचं तिकडचं बघत राहिले. अण्णा आता थकलेत, जिना चढून आले की जरा बसतात.

"येनो किट्टू, खरं सांग," ते म्हणाले. "त्या म्हाताऱ्याची बिअर कशी होती रे?"

"तुम्हीही प्यालात की, अण्णा."

"प्यालो, पण कळली नाही. आली तशी खाली गेली."

ते चेष्टा करत नव्हते. मग मी सांगितलं. चिडून सांगितलं, पण सगळं सांगितलं. तापलेल्या जमिनीवर वाळणारी बार्ली, तिचा खरपूसपणा बिअरमध्ये कसा उतरतो, वास आधी कुठला येतो आणि मागून कुठला, गोडाचं कडवट कधी होतं, आणि ते टाळूला कसं रेंगाळतं. बोलता बोलता माझा आवाज चढला. खालची माणसं खिडकीतून वर बघायला लागली. अण्णा खुर्चीच्या काठावर पुढे सरकून ऐकत होते. मध्ये एकदाही त्यांनी तोडलं नाही. माझं सांगून संपलं तेव्हा त्यांनी मोठा सुस्कारा टाकला आणि अगदी मनापासून विचारलं:

"मग तसली आपण का करत नाही?"